पोलिसांनी न घेतलेला चहा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझ्या सासूबाई म्हणत असत आणि त्यांचा मुलगा अजून म्हणतो. त्यामुळे लॅबमधली नोकरी संपल्यावर मी दुभाषी व्हायचं ठरवलं तेव्हा घरात हशा पिकला. मुलगी इथंच जन्मलेली, इथंच वाढलेली; ती फोनवर म्हणाली, "आई, यू नो यू कान्ट ॲड युअर ओन कमेंट्स, राइट?" मी म्हटलं, "बघच तू, कशी गप्प बसते ते." नागपूरच्या माणसानं पैजेला मागे हटायचं नसतं.

दुभाष्याचं काम लोकांना वाटतं तेवढं भाषेचं नाही, त्यात संयमच फार लागतो. समोरचा माणूस "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. "ती म्हणते, तिला मारलं" असं नाही. "मला मारलं" असंच, तिच्या जागी उभं राहून. पदरचं काही घालायचं नाही, बोचरं असेल ते बोथट करायचं नाही. ज्यांचं काम करतो त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, कपभर चहासुद्धा नाही. आणि ऐकलेलं बाहेर काढायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. आता लिहिते आहे ते तिच्या परवानगीनं, नावं गाळून, दोन-चार खुणा बदलून. "लिहा काकू," ती म्हणाली, "पण चहाचं नक्की लिहा."

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका संस्थेच्या ऑफिसात. लोकांना फुकट कायद्याची मदत देणारी ही संस्था आमच्या श्रूजबरी गावापासून गाडीनं जवळच. ती सांगलीकडची, तिशीतली, उजव्या हाताला प्लास्टर. शेजारी तिची बालवाडीच्या वयाची मुलगी रंगीत खडूंनी चित्र काढत बसली होती. मी आत शिरून मराठीत "नमस्कार" म्हटलं, तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून तिथल्या वकीलबाईही उभ्या राहिल्या, आणि आता काय करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी मीच खाली बसले.

तिचा नवरा सॉफ्टवेअरमध्ये होता. तो स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर आलेला, आणि त्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेल्या व्हिसावर ही आणि मुलगी. इथल्या आमच्या निम्म्या बायका अशाच आल्या, मीही तशीच आले. नवरा बरा निघाला तर ते शेपूट जाणवतही नाही. तिचा बरा निघाला नाही. दोघींचे पासपोर्ट त्यानं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवले होते आणि हात उगारायच्या आधी तो एक वाक्य न चुकता ऐकवायचा: "बोलाव पोलिसांना, खुशाल बोलाव. आधी तुलाच विमानात बसवतील. पोरगी राहील माझ्याजवळ."

तिनं कधी बोलावलंही नाही. मग एका संध्याकाळी, स्वयंपाक चालू असताना, त्यानं तिचा हात पिरगाळला. कारण काय झालं होतं ते तिला नीट आठवतही नव्हतं. "कारणं कधीच संपली होती काकू, सवय राहिली होती," ती म्हणाली. तिची किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं फोन केला आणि थोड्या वेळात दोन पोलीस दारात उभे राहिले. एक तरुण पुरुष, आणि एक पन्नाशीची, चांगली उंचपुरी बाई.

नवऱ्यानं हसतमुखानं दार उघडलं. "शी इज फाइन, ऑफिसर. शी डझन्ट स्पीक मच इंग्लिश." मग हिच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "बघतेस काय? चहा टाक."

"आणि मी चहा टाकला," ती मला म्हणाली.

"आय मेड टी," मी वकीलबाईंना म्हणाले.

वकीलबाईंना वाटलं, माझंच काही चुकलं. त्यांनी परत विचारलं. कोणाला चहा? पोलिसांना? मी निमूटपणे तो प्रश्न मराठीत केला, आणि तिनं तितक्याच निमूटपणे सांगितलं की हो, पोलिसांना. नवऱ्यानं सांगितलं नसतं तरी केला असता. दारात माणसं आलेली. डाव्या हातानं पातेलं ठेवलं, आलं किसता येईना म्हणून तसंच ठेचून टाकलं. दूध उतू जाता जाता डाव्या हातानं गॅस बंद केला. ट्रे धरता येत नव्हता म्हणून एकेक कप नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. पोलीस बसले नाहीत. कपांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही. नवरा बोलत राहिला, चहावर साय धरली. त्या बाईनं हिला विचारलं, "आर यू ओके?" हिनं मान हलवली. आणि ते निघून गेले.

"माझ्या आत्याच्या सासरची माणसं एकदा आमच्याकडे भांडून आली होती," ती सांगत होती. "त्यांनी पाण्यालासुद्धा हात लावला नव्हता. दारात आलेलं माणूस चहा न घेता उठतं ते कधी उठतं, मला कळतं. मला वाटलं, यांनी त्याचं ऐकून घेतलं. माझ्यावर चिडून गेले. म्हणजे तो म्हणतो ते खरं आहे, आता मला विमानात बसवणार."

हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला न सांगता कळेल अशी ही गोष्ट. रुसलेला व्याही पहिल्यांदा चहाच नाकारतो. पण पदरचं काही घालायचं नाही, हा नियम. मी तिचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. वकीलबाई हुशार होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "ओ माय गॉड."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची गाडी गेल्यावर दार वाजलं. तीच उंच बाई, एकटी. ही दारातच उभी राहिली. ती बाई काहीच बोलली नाही. तिनं स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि हिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, दुखतंय ना, असं विचारल्यासारख्या. बस, एवढंच. मग ही रडली. मग फोनवर हिंदी दुभाषी, मग हॉस्पिटल, मग प्लास्टर, आणि मायलेकींना मार खाल्लेल्या बायकांसाठीच्या निवाऱ्यात नेऊन सोडणं. तिथून ती या ऑफिसात आली होती.

सगळं ऐकून झाल्यावर वकीलबाईंनी तिला तो कायदा समजावून सांगितला. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही स्वतःच्याच तोंडून. या देशात ज्याच्यावर असा गुन्हा झाला, ज्यानं त्यातून मोठा त्रास सोसला, आणि ज्यानं पोलिसांना तपासात मदत केली, अशा माणसाला राहायला मिळतं. कुणाच्या शेपटाला बांधून नव्हे, त्याच्या स्वतःच्या नावावर. त्याच्या लहान मुलांनाही मिळतं. मारणाऱ्याचा व्हिसा गेला तरी याचं जात नाही. मात्र मदत खरी हवी. विचारतील तेव्हा सांगायचं, बोलावतील तेव्हा यायचं, मध्येच माघार घ्यायची नाही. यानं मदत केली, असं पोलिसांनी सहीनिशी कळवायला हवं. आणि त्यानंतरही रांग आहे, वर्षानुवर्षांची, कारण दरवर्षी ठरावीक लोकांनाच देतात.

मी या देशात अर्धंअधिक आयुष्य काढलं आहे. इमिग्रेशन म्हणजे काय ते मला विचारा: फी, बोटांचे ठसे, आणि काचेमागचा कंटाळलेला चेहरा. त्या यंत्राला आतून माणसाचं काळीज असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि इथं माझ्याच तोंडून हे शब्द बाहेर पडत होते. मार खाल्लेल्या, परक्या देशातल्या, ड्रॉवरमध्ये पासपोर्ट अडकलेल्या बाईला हा देश म्हणत होता, तू खरं सांग आणि राहा. कुणीतरी कधीतरी टेबलाशी बसून अशाच एखाद्या बाईचा विचार केला असेल, तिला काय धमकी देत असतील त्याचासुद्धा विचार केला असेल, आणि बरोबर त्याच धमकीवर उतारा लिहून ठेवला असेल. खोटं कशाला सांगू, या देशाबद्दल इतका आदर मला नागरिकत्वाची शपथ घेतानाही वाटला नव्हता.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मी खरं सांगितलं तरी हिला माझ्यापासून कोणी नेणार नाही?"

"नुसतं तेवढंच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "खरं सांगितलं म्हणूनच तुम्ही दोघी इथं राहू शकाल."

तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी खडू तोंडात घालत होती. तिनं डाव्या हातानं तो काढून घेतला आणि म्हणाली, "मग कुठं जाऊन सांगायचं, चला."

पोलीस स्टेशनवर ती सांगत होती आणि मी तिच्या जागी "मी" म्हणत होते. मला भिंतीवर ढकललं. माझा फोन फोडला. मी मुलीला कपाटात बसवून दार लावून घेतलं. दिवसभर दुसऱ्याच्या मारानं भरलेलं "मी" तोंडात घोळवून घरी आले की मला स्वतःसाठी तो शब्द वापरवत नसे. माझा नवरा म्हणायचा, "काय झालंय तुला? जेवताना बोलत नाहीस हल्ली." मी म्हणायचे, "पैज जिंकतेय."

पण ती सांगायची कशी! रडून नाही, ओरडून नाही. पाढे म्हणावेत तशी. जे आठवत नाही ते "आठवत नाही" म्हणून सोडून द्यायची, एक शब्द वाढवून सांगायची नाही. एकदा तर डिटेक्टिव्हनं म्हटलं, त्यानं दोनदा मारलं असं तुमचं म्हणणं आहे ना. ती म्हणाली, "नाही, त्या दिवशी एकदाच. खरं तेच लिहा." तिच्या फायद्याचं सोडून ती खऱ्याला धरून बसायची. माझ्या ओळखीत भलेभले शिकलेले लोक आहेत, पण असा सरळ कणा मी कुणाचा पाहिलेला नाही.

गावात मात्र बोभाटा झालाच. गणपतीत आरतीनंतर एक काकू माझ्याशेजारी बसून सांगायला लागल्या, "ऐकलंत का? ती म्हणे व्हिसासाठी नवऱ्याला अडकवतेय. पोलिसांना चहापाणी करत होती, एवढी मजेत होती." मला सगळं ठाऊक होतं आणि मला एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती. मी मोदक उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. तो संपेपर्यंत दुसरा हातात तयार ठेवला. त्या संध्याकाळी मी किती मोदक खाल्ले ते गणपतीलाच ठाऊक.

दोन वडीलधारे काका तर तिच्यापर्यंत पोचलेसुद्धा. घरातलं घरात मिटव, केस मागे घे, आम्ही त्याला समजावतो. सांगलीहून आईचाही फोन आला, बाई, मिटवून टाक. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. मागे घेतली असती तर सगळंच हातचं गेलं असतं. तिनं काकांना सांगितलं, "त्याला समजवायचं असेल तर समजवा. मी मात्र कोर्टात जाणार." आणि ती गेली.

कोर्टात त्याचा वकील उठला. मृदू आवाजाचा, सभ्य माणूस. त्यानं मनगट, किंकाळी, काही काढलं नाही. त्यानं चहाच काढला.

"त्या संध्याकाळी पोलीस आले तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"चहा केला."

"आलं घालून?"

"हो."

"कप मांडलेत. पाहुणचार केलात. हात मोडलेली, घाबरलेली बाई मदत मागेल की आलं ठेचत बसेल?"

मी तो प्रश्न तिला मराठीत विचारला. विचारताना माझंच रक्त उसळत होतं, पण आवाज सपाट ठेवला, नियम. ती माझ्याकडे नाही, त्या वकिलाकडे बघत म्हणाली:

"दारात माणूस आलं की चहा विचारायचा, हे मला आईनं शिकवलं. नवऱ्यानं हात मोडला तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. जे येत होतं ते केलं."

मला हे इंग्रजीत म्हणायचं होतं. "मी" म्हणून. मी म्हटलं. कसं म्हटलं ते मला आता आठवत नाही. एवढं आठवतं की माझं वाक्य संपल्यावर तो वकील कागद चाळत राहिला आणि मग खाली बसला.

नंतर त्या उंच पोलीसबाईची साक्ष झाली. ही आता मागच्या बाकावर बसली होती आणि मी तिच्या कानाशी हळू आवाजात सांगत होते. पोलीसबाई म्हणाल्या, नवरा बोलत होता तेव्हा मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी स्वयंपाकघराकडे बघत होते. ती सगळं डाव्या हातानं करत होती आणि तो हात सवयीचा नव्हता. चहा बशीत सांडत होता. ट्रे तिथंच ओट्यावर होता, तरी ती कप एकेक करून आणत होती. तेव्हाच मला कळलं. पण तो समोर असताना विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं, म्हणून मी सकाळी एकटी गेले.

मग सरकारी वकिलांनी सहज विचारलं, तुम्ही चहा घेतलात का? "नाही. कामावर असताना कुणाच्या घरी आम्ही काही घेत नाही. आमचा नियम आहे."

मी हे मराठीत केलं आणि ती एकदम माझ्याकडे वळली. "नियम होता?"

मला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. मी फक्त तिच्याकडे पाहिलं.

"अहो, मग राग नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली. आणि त्या सबंध खटल्यात पहिल्यांदा तिनं रुमाल काढला.

नवरा दोषी ठरला. शिक्षा भोगून झाल्यावर त्याची परत पाठवणी झाली. पोलीसबाईंच्या वरिष्ठांनी सही केली, अर्ज गेला आणि रांग सुरू झाली. मधल्या काळात तिला काम करायची परवानगी मिळाली. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. वडील गेले तेव्हा तिला जाता आलं नाही, कारण निकालाआधी देश सोडला तर परत येण्याची खात्री नव्हती. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला. कामासाठी वकीलबाईंबरोबर मी तिच्या छोट्या फ्लॅटवर जात असे, तेव्हा दर वेळी ती विचारायची, "काकू, थोडा चहा?" आणि दर वेळी मी नाही म्हणायचे. "तुमचापण नियम," ती हसून म्हणायची. वडील गेले त्या आठवड्यातही ती असंच म्हणाली. त्या दिवशी नियमाच्या नावानं मी मनात इतक्या शिव्या घातल्या, तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील.

मुलगी मोठी होऊन मिडल स्कूलला जायला लागली तेव्हा एका दुपारी फोन आला. "काकू, मंजूर झालं. दोघींचं." मग म्हणाली, "आता तुमचं काम संपलं ना?"

"संपलं."

"मग रविवारी चहाला या. त्या बाईंनापण बोलावलंय. त्या आता रिटायर झाल्यात."

रविवारी पोलीसबाई आल्या. युनिफॉर्म नाही, अंगात फुलाफुलांचा शर्ट. सोफ्यावर त्या आणि मी अशा शेजारी शेजारी बसलो, दोन नियमवाल्या बायका. आमच्या मधोमध मुलगी. दुभाषी आज तीच होती. आईनं तिला सांगून ठेवलं होतं की काकूंना आज काम सांगायचं नाही. स्वयंपाकघरातून आलं किसल्याचा आवाज आला. मग ती ट्रे घेऊन बाहेर आली. भरलेले कप, दोन्ही हातांत ट्रे. मनगट जरासं वाकडं जुळलं आहे, पण बशीत एक थेंब सांडला नव्हता. पोलीसबाई त्या ट्रेकडे बघत राहिल्या. त्यांच्यासारख्या धिप्पाड बाईचे डोळे भरताना बघणं सोपं नव्हतं. मी आपली खिडकीकडे बघत बसले.

त्यांनी कप उचलला आणि एका दमात निम्मा संपवला. मग उरलेला. मग कप पुढे करून म्हणाल्या, आणखी आहे का?

ती पातेल्यात डोकावली. "संपला. थांबा, परत टाकते."

मुलीनं सांगायच्या आधीच पोलीसबाईंना कळलं. त्या अर्ध्या उठल्या, नाही नाही, कशाला त्रास, मी पुन्हा कधी येईन.

ती स्वयंपाकघरातूनच मोठ्यांदा म्हणाली, "बसा हो बाई! मी आता कुठं जात नाही."

मुलीनं मान वळवली. तिला दुभाष्याचे नियम मी शिकवले नव्हते, कुणीच शिकवले नव्हते. "शी सेज" असं काही ती म्हणाली नाही. पोलीसबाईंकडे बघून तिनं सरळ सांगितलं, "सिट डाऊन. आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर."

पोलीसबाई खाली बसल्या. मीही माझा रिकामा कप त्यांच्या कपाशेजारी ठेवला.